पहिला ओरडा

कॅन्सरमधून उठलेल्या मुलांच्या आईबापांना मी दर शनिवारी दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर जमवते. पोरं बरी होतात, पण यांची धाकधूक जात नाही. माझाही लेक यातूनच उठला, म्हणून मला कळतं. धंद्याने मी शिंपीण, बोलणं कात्रीसारखं. तरी येतात बिचारे.

त्यातले एक घड्याळवाले. त्यांच्या सात वर्षांच्या धाकटीला आम्ही राणीसरकार म्हणतो. उपचार संपून चार महिने झाले, रिपोर्ट सगळे चांगले, पण स्वारी शाळेत जायला तयार नाही. "मी अजून आजारी आहे," हा एकच हेका. डॉक्टरांनी समजावलं, आईने शपथा घेतल्या, पण तिला काही पटेना.

मंगळवारी सासूबाईंचं जुनं घड्याळ घेऊन मी त्यांच्या दुकानात गेले. घर दुकानामागेच. थोरलीने दारात चपला आडव्या टाकल्या म्हणून तिला खरपूस बोलणी बसली. इकडे धाकटी टेबलावरचे बारीक स्क्रू फुंकर मारून उडवत होती, तर बाप म्हणतो, "असू दे हं, बाळा." वर आईने बिस्किट दिलं!

"अहो, हिला ओरडा की!" मी म्हणाले.

"जीभच रेटत नाही, अक्का. किती सोसलंय तिनं."

एवढ्यात राणीसरकारांनी माझं उघडलेलं घड्याळ पाण्याच्या पेल्यात सोडलं.

"कार्टे! डोकं फिरलंय का तुझं? ऊठ आधी तिथून!" बाप कडाडला.

मग त्याचाच चेहरा पांढराफटक पडला. आईने तोंडावर हात ठेवला. ओरडायला मीच सांगितलं होतं; म्हटलं, अक्का, तुझी जीभ नडली.

पोरगी बापाकडे बघत राहिली. मग हळूहळू तिचं तोंड हसून या कानापासून त्या कानापर्यंत गेलं.

"बाबा, तू मला ओरडलास! ताईला ओरडतोस तस्संच!"

"चुकलं गं माझं—"

"म्हणजे मी खरंच बरी झाले?"

त्याने मान डोलावली आणि भिंग पुसायच्या फडक्यानेच डोळे पुसले. आई तर एकाच वेळी हसत होती आणि रडत होती. मलाही इतका आनंद झाला की मागे राहवेना.

"आणि माझ्या घड्याळाचं काय गं, भवाने?" मी आवाज चढवला.

ती खुदकन हसली आणि "आई, माझं दप्तर कुठंय?" म्हणत आत पळाली.