टाकी रिकामी होईपर्यंत

बसवेश्वरने फेकलेला लोखंडी बत्ता शिवकांताच्या कानाजवळून गेला आणि ओट्यामागच्या पाइपवर बसला. पाइप फुटला. पाण्याची धार समोरच्या मांडणीवर आदळली आणि ताटं-डबे खाली कोसळले.

नेम चुकला याचाच त्याला जास्त राग आला. त्याने तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. भुवई फुटली. नागपंचमीला मला माहेरी न्यायला ये, असा तिने भावाला फोन केला होता, नवऱ्याला न विचारता. गुन्हा एवढाच.

“परत करशील फोन? करशील?”

त्याने पुन्हा आपटलं. तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

गल्लीचा नळ नऊ दिवस कोरडा होता आणि या घराच्या मोरीतून पाणी वाहत गटारात चाललं होतं. शेजारची साखराबाई घागर घेऊन सगळ्यांत पुढे, मागे कळशा, बादल्या, एकीच्या हातात तर पिठाचा डबा. तीन वर्षांत शिवकांताच्या ओरडण्याने हे दार कुणी ठोठावलं नव्हतं. उलट पलीकडचा टीव्ही मोठा व्हायचा. पाण्यासाठी मात्र सारी गल्ली धावून आली.

बसवेश्वरने वेणी सोडली. हसलासुद्धा.

“पाइप फुटला बघा, मावशी. कालच टँकरनं टाकी भरली हुती. न्या, न्या भरून.”

“आन् हिच्या कपाळाला काय झालं?” साखराबाईने विचारलं, पण घागर धारेखालीच धरून.

“घसरली.” मग तो गोड आवाजात बायकोला म्हणाला, “जा, वर टाकीचा कॉक बंद करून ये.”

शिवकांता गच्चीवर गेली. कॉकवर हात ठेवला. धार थांबली की बायका आपापल्या घरी जातील आणि दाराला आतून कडी लागेल.

तिने हात काढून घेतला. डोळ्यात उतरलेलं रक्त पदराने पुसलं आणि कमरेचा फोन काढून भावाला लावला.

“रवि, आत्ता गाडी काढ. मला न्यायला ये.”

“आत्ता? पंचमीला अजून आठ दिवस हायत, आक्का. दाजींना इचारलंस का?”

खाली बसवेश्वर तिला हाक मारत होता. तिने टाकीचं झाकण उचलून आत पाहिलं.

“घरात बाया पाणी भरायल्यात तवर मला कोण हात लावत न्हाई,” ती म्हणाली. “टाकी अर्धी हाय. धारूरहून दिंद्रुडला यायला किती येळ लागंल?”