फोटो आले, आवाज नाही

बसंतीबाईंच्या आणि आमच्या घराची मधली भिंत एकच. लग्न होऊन मी जाफराबादला आले तेव्हा सतरा वर्षांची होते आणि त्या बावीसच्या. तेव्हापासून मी त्यांना भाभी म्हणते. आता त्या एक्क्याऐंशीच्या आहेत आणि घरात त्यांच्यासोबत नातू पारस आणि त्याची बायको नेहल. पारसचे आईवडील जालन्याच्या दुकानावर असतात.

गेल्या पौषात पारस दुबईला गेला. डाळ पाकिटात भरायच्या मशिनींचं तिथं प्रदर्शन होतं. नऊ दिवसांचं जाणं, पण घरातून परदेशात जाणारा तो पहिलाच. बॅगेत खाकऱ्यांचे डबे भरून झाले आणि मग फोनची बोलणी सुरू झाली. त्यानं तिकडं चालणारा नेटचा पॅक आधीच विकत घेतला होता. जुनं सिम बंद करून ठेवणार म्हणाला, कारण तिकडं चुकून कुणाचा फोन उचलला तर भरमसाठ पैसे कापतात असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. नेट आहे म्हणजे फोन आहेच, रोज बोलू, असं आजीला सांगून तो निघाला.

पोचल्यावर कळलं की व्हॉट्सॲपवरून केलेले फोन त्या देशात लागतच नाहीत. लिहिलेलं जातं, फोटो जातात, बोलणं जात नाही. पारसला त्याचं काही वाटलं नाही. तो फोटो धाडू लागला. उंच इमारती, हॉटेलातली गादी, जेवणाचं ताट, मशिनी, पुन्हा मशिनी. नेहल मला भिंतीवरून हाक मारून एकेक दाखवायची. बोलून पाठवायचीही सोय असते म्हणे, पण पारस तसा मुलगा नाही. दोन शब्द टाइप करायचे आणि फोटो. 'पोचलो.' 'जेवलो.' 'सगळं बराबर.'

तिसऱ्या दिवशी दुपारी नेहल आमच्याकडे आली. तिचा चेहरा उतरला होता. भाभींनी सोमवारपासून अन्न घेतलं नव्हतं. दिवसा उकळलेलं पाणी तेवढं पीत होत्या. जैनांच्या घरात तीन दिवसांचा उपवास नवा नाही, पण या वयात डॉक्टरांनी उपवास करायचे नाहीत असं बजावलं होतं. शिवाय उपवास म्हणावा तर भाभींनी सकाळी हात जोडून उपवासाचा नेम घेतलाच नव्हता. त्या नुसत्या जेवत नव्हत्या. उद्या पारण्याला मुगाचं पाणी करू का, असं नेहलनं विचारलं तर 'बघू ना मंग' एवढंच म्हणाल्या. सकाळी उठताना त्यांनी दाराची चौकट धरली होती, हे सांगताना नेहलच्या डोळ्यांत पाणी आलं. पारसला कळवलं तर तो सगळं सोडून परत येईल, म्हणून तिनं त्याला काही लिहिलं नव्हतं.

मी तिच्याबरोबर गेले. भाभी ओसरीत पाटावर बसून माळ ओढत होत्या. मी चार इकडच्या-तिकडच्या गोष्टी केल्या. एरवी मला त्यांच्याशी ओरडून बोलावं लागतं, कारण कानातलं मशीन त्या सकाळी तासभर लावतात आणि सेल संपतो म्हणून डबीत ठेवून देतात. त्या दिवशी मात्र मी हळू बोलले तरी त्यांना ऐकू गेलं. दुपारचे तीन वाजले होते आणि मशीन कानातच होतं. नेहल म्हणाली, तीन दिवस ते कानातच आहे. झोपतानासुद्धा.

तेवढ्यात नेहलचा फोन वाजला. पारसनं एका मशिनीचा छोटा व्हिडिओ पाठवला होता. भाभींनी मान वर केली.

"काय म्हणला?"

"दादी, लिहिलंय की ही मशीन लई जल्दी भरते."

"लिहिलंय," भाभी म्हणाल्या, आणि त्यांची माळ पुन्हा सुरू झाली.

तेव्हा मला उमगलं. मी नवी नवरी होते त्या वर्षांत भाभींचे यजमान गौतमचंदशेठ कापसाच्या सौद्यासाठी लांब कर्नाटकात गेले होते. पाच दिवस भाभी जेवल्या नव्हत्या आणि सासूनं, नणंदांनी कितीही विचारलं तरी का ते सांगितलं नव्हतं. पाचव्या दिवशी शेठजींचं कार्ड आलं. ते हातात घेऊन त्यांनी नुसत्या ओळींकडे पाहिलं आणि ताट मागितलं. वीसेक वर्षांनी पापड लाटताना त्यांनी मला सांगितलं की त्यांनी मनात नेम धरला होता, शेठजींचं अक्षर दिसेपर्यंत जेवायचं नाही. त्याला त्यांच्यात अभिग्रह म्हणतात. तो कुणाला सांगायचा नसतो. सांगितला की मोडला. आपसूक पुरा झाला तरच खरा.

या वेळी अक्षर नाही, आवाज. मी नेहलला मागच्या अंगणात नेऊन सांगितलं. तिनं लगेच पारसला लिहिलं की काहीही कर, कुणाच्याही फोनवरून कर, पण आजच दादीशी बोल. लिहून पाठवल्यावर मला धाकधूक वाटू लागली. नेम सांगायचा नाही, हे मला माहीत होतं. दुसऱ्यानं ओळखून तो पुरा करून द्यायचा की नाही, हे मी विचारणार कुणाला? विचारायचं ते भाभींनाच, आणि त्यांनाच विचारता येत नव्हतं.

पण निरोप जाईना. नेहलच्या फोनवर एकच खूण, दुसरी उमटत नव्हती. साडेतीन झाले, साडेचार झाले. जुन्या नंबरावर लावून पाहिलं तर फोन बंद. सूर्य बुडाला की भाभी अन्न घेत नाहीत, आणि थंडीचे दिवस, सहा वाजताच मावळतं. आज आवाज आला नाही तर एक अख्खी रात्र जाणार होती, आणि सकाळी तरी येईल याचा भरवसा काय? नेहलनं चुलीवर मूग शिजत ठेवले. कोणी सांगितलं नव्हतं, पण ठेवले.

साडेपाचला तिचा फोन वाजला. भलताच लांबलचक नंबर होता. तिनं तो कापून टाकला.

"परदेशी नंबर उचलायचे न्हाई, आजी. पारसला तर निरोप गेलाच न्हाई. हे फसवणारे असतात."

पुन्हा वाजला. पुन्हा तोच नंबर.

"उचल गं," मी म्हणाले. "बोलू नको, नुसतं ऐक."

तिनं ऐकलं आणि धावतच ओसरीत गेली. फोन भाभींच्या कानाला लावला तर मशीन शिट्टी वाजवू लागलं, म्हणून तिनं तो मोठ्या आवाजावर करून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"दादी, मी पारस. माझं नेट संपलं. फोटो धाडून धाडून दुपारीच खलास. इथं भोकरदनचा एक जण भेटला, त्याच्या फोनवरून करून राह्यलो."

भाभी फोनकडे वाकल्या. "कशाला केला मंग?"

"संध्याकाळचा फोटो आला न्हाई तर तू घाबरशील ना."

"जेवला?"

"जेवलो. तू जेवली का?"

"आता जेवते," भाभी म्हणाल्या.

आणखी दोन वाक्यं झाली आणि फोन बंद झाला. नेहल मुगाच्या पाण्याची वाटी घेऊन आली. भाभींनी वाटी घेतली, पण ओठाला लावली नाही. माझ्याकडे बघून विचारलं, "पुष्पा, याला कोणी सांगितलं का फोन करायला?"

मी नेहलकडे पाहिलं. तिनं हातातला फोन माझ्याकडे वळवला. आमचा निरोप तसाच पडून होता, एकाच खुणेवर. त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. पारसचं नेट चालू असतं तर त्यानं संध्याकाळीही फोटोच पाठवला असता.

"न्हाई भाभी," मी म्हणाले. "त्याला कोणाचं काही पोचलंच न्हाई. त्याचं त्यालाच सुचलं."

भाभींनी वाटी तोंडाला लावली आणि सावकाश, मधे थांबत थांबत प्यायल्या. नेहल माझ्या मागे उभी राहून फोनवर काहीतरी करत होती. नंतर तिनं मला दाखवलं. तिनं तो निरोप पुसून टाकला होता, पारसच्या फोनवरही तो आता कधी उतरणार नव्हता. मी मान हलवली.

ती दुसरी वाटी भरून आणेपर्यंत ऊन समोरच्या गच्चीवरून गेलं होतं. भाभींनी हातानंच नको म्हटलं. बाकीचं सकाळी. ऊन जाण्याआधीच त्यांनी, कण वाया घालवायचा नाही या त्यांच्या रीतीप्रमाणे, रिकाम्या वाटीत थोडं पाणी ओतून, बोटानं तळ फिरवून, तेही पिऊन टाकलं होतं.