नखातली माती

या, पुढच्या बाकावर या. मागं बसलं की गोष्टीचा आवाज पोचतो, ऊब पोचत नाही. आमच्या स्वीटगम चर्चमधल्या दोन माणसांची गोष्ट सांगते. एकानं दुसऱ्याचे पाय धुतले, आणि ते धुणंच त्या दुसऱ्याच्या जिवावर बेतलं.

आमच्याकडे अमेरिकेच्या दक्षिणेत भुईमूग पेरून झाला की पाय धुण्याचा रविवार येतो. प्रभूनं शिष्यांचे धुतले तसे आम्ही एकमेकांचे धुतो. मधे पांढरी चादर टांगतात. अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. कुणी कुणाचे पाय धुतले ते चादरीबाहेर न्यायचं नाही. देवापुढं वाकलेली पाठ गावात मिरवू नये, असं आमची म्हातारी माणसं सांगत आली.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा अमोस टिलरी आपल्या कोंबड्यांच्या खुराड्यापाशी मेलेला सापडला. डोक्यात घाव, आणि गाडी गायब. त्याची बायको ओडेसा, आम्ही सगळे मानानं तिला मिस ओडेसा म्हणतो, चर्चमधून परस्पर बहिणीकडे गेली होती, म्हणून वाचली.

प्रेतावर दुसऱ्या कुणाचा तरी डीएनए मिळाला. पोलिसांनी तो सरकारी कॉम्प्युटरला दिला, आणि कॉम्प्युटरनं नाव दिलं: लूशस पेटवे, अमोसचा शेजारी.

लूशस त्या कॉम्प्युटरात कसा, विचाराल. मागं एकदा त्याच्या भाच्याला पोलिसांनी रस्त्यात अडवलं, तेव्हा हा मधे पडून मोठ्यानं बोलला. धरून नेला, गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला. पुढं आरोप मागं घेतला, लूशस घरी आला. बोळा काही घरी आला नाही.

त्यातून दोघांचं वैर जगजाहीर. कुंपणावरचं पेकनचं, अक्रोडासारख्या फळाचं, झाड नेमकं कुणाचं, यावरून कित्येक वर्षं बोलणं बंद. पोलिसांना आणखी काय हवं? त्यांनी लूशसला आत टाकलं, दुसऱ्या कुणाचा शोध घेतलाच नाही.

मी मिस ओडेसाकडे जाऊन बसायची. ओसरीवर दोघी वाटाणे सोलायचो.

"लूशस असं करेल, मिस ओडेसा?"

"मी कोण सांगणार, सिस्टर? मशीन सांगतंय. मशीनला काही पेकन नको होते."

खरं सांगायचं तर सगळं गावच हळूहळू तसं मानायला लागलं होतं.

लूशसची वकील सरकारनं दिलेली, तरुण पोरगी, हातात ढीगभर खटले. तिनं त्याला सांगितलं, "गुन्हा कबूल केलास तर पंधरा वर्षं. लढलास आणि हरलास तर मरेपर्यंत आत. हा डीएनए अमोसच्या नखांखाली मिळालाय, लूशस. झटापटीत नखं लागतात, असंच ते म्हणणार."

नखांचं त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यानं आपल्या पायांकडे बघितलं. मग म्हणाला, "त्यानं माझे पाय धुतले होते."

"पाहिलं कुणी?"

"पाहिलं. पण सांगायचं की नाही, ते त्यांनी ठरवावं. चादर मी नाही फाडणार."

मग ती पोरगी आमच्या चर्चात आली आणि एल्डर मोबलींना नखांचं सांगितलं. एल्डर म्हणजे आमचे उपदेशक. ते म्हणाले, "इथलं बाहेर सांगत नाहीत, बाई." ती गेली. पण त्या आठवड्यात त्यांना जेवण गेलं नाही, असं त्यांची बायको सांगत होती.

पुढच्या रविवारी त्यांनी बायबलातल्या, तुरुंगातल्या योसेफाचं आख्यान लावलं. राजाला प्याला भरून देणारा प्यालेबरदार तुरुंगातून सुटला आणि आत राहिलेल्या योसेफासाठी शब्द टाकायचं विसरला, ते. आमच्याकडे प्रवचन बोलण्यात सुरू होतं आणि गाण्यात संपतं. आधी साधे शब्द, मग श्वास तालावर पडतो, मग गळा चढतो, आणि ओळीओळीला आम्ही 'हो, प्रभू' म्हणतो. मी जन्मभर यासाठीच रविवारची वाट पाहत आलेय. त्या दिवशी गाता गाता एल्डर योसेफाला सोडून भलतीकडेच वळले.

"एक म्हातारा उठला..."

हो, प्रभू.

"ज्याच्याशी बोलणं नव्हतं त्याच्यापुढं गुडघे टेकून बसला..."

हो, प्रभू.

"लूशसचा पाय अमोसनं मांडीवर घेतला. टाचेच्या भेगांत शेताची तांबडी माती. पाण्यानं निघेना, तेव्हा नखांनी काढली..."

या वेळी 'हो' कुणी म्हटलं नाही. मिस ओडेसा उभी राहिली होती.

"नखांनी?"

एल्डरांचं गाणं थांबलं. "नखांनी, ओडेसा. मी शेजारीच बसलो होतो. आजवर प्यालेबरदार होऊन राहिलो."

ती सावकाश खाली बसली. "पाय धुण्याच्या आदल्या दिवशी अमोसला म्हटलं होतं, नखं कापून देते," ती मला म्हणाली. "उद्या बघू म्हणाला."

दुसऱ्या दिवशी तीच एल्डरांना वकिलाकडे घेऊन गेली.

कोर्टात एल्डरांनी साक्ष दिली, आणखी दोघांनी दिली. प्रयोगशाळेचे साहेब आले होते. वकील पोरीनं त्यांना एवढंच विचारलं, "ही कातडी भांडणात आली की पाय धुताना, हे तुमचं मशीन सांगतं?"

साहेब सरळ माणूस होता. म्हणाला, "कुणाची ते सांगतं. कशी आली ते नाही."

ज्यूरीनं लूशसला सोडलं. अमोसला मारणारा मात्र अजून मोकळा आहे. तोवर त्याचा माग पुसला गेला होता. आणि लूशसचा बोळा अजून सरकारच्या थंड कपाटात पडून आहे.

पुन्हा पाय धुण्याचा रविवार आला. मिस ओडेसा म्हणाली, "या वर्षी चादर लावू नका." म्हणून पुढचं मला दिसलं. सगळे अनवाणी, आणि लूशस कोपऱ्यात, बूट घालून, हात खिशात. एल्डर घमेलं घेऊन त्याच्यापुढं बसले.

"नको, एल्डर," तो हळूच म्हणाला. "तुमच्या नखांत राहीन मी."

एल्डरांनी त्याच्या बुटाची नाडी सोडली. "राहा मग," ते म्हणाले.

आता तुम्ही उठाल, घरी जाल. दारात पाय धुताना, टाचेची माती काढताना, अमोस टिलरीची घडीभर आठवण ठेवा. त्याच्या मारेकऱ्याला आता कुणी शोधत नाही.