कानांनी पाहिलेलं लग्न

वैशाखात यादव गुरुजींना कुणी "कसं काय?" विचारलं, तर ते नुसता गळ्याला हात लावून दाखवत. त्या वर्षी, म्हणजे सत्त्याऐंशी साली, चोपड्याच्या आसपास लग्नतिथी अशा दाटीवाटीने आल्या होत्या की सांगायची सोय नाही. सोळा लग्नं झाली होती. सोळाही लग्नांची मंगलाष्टकं गुरुजींनी रचली आणि मांडवात उभं राहून गुरुजींनीच गायली. त्याबद्दल दर वेळी टॉवेल-टोपी मिळायची. टोप्यांनी फडताळ भरलं होतं आणि घरात डोकं एकच. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती.

गुरुजींचा आता एक साचा ठरलेला होता. पहिल्या ओळीत गंगा आणि हिमालय. दुसरीत लक्ष्मी-नारायण. तिसरीत मुलीच्या बापाचं नाव. चौथीला शुभाशीर्वाद आणि 'कुर्यात् सदा मंगलम्'. नावं बदलायची, बाकी सगळं तेच. लोक माना डोलवत, कारण कुणालाच काही कळत नसे.

पूर्वी असं नव्हतं. पंचविशीत गुरुजी कविता करत. हापशावरची रांग, ओसरीवर टाकलेली खाट, भाकरी थापतानाचा आवाज, असल्या विषयांवर. जळगावला एका संमेलनात त्यांनी त्या भीतभीत वाचल्या. अध्यक्ष हसून म्हणाले, "छान, पण हे तर रोजचंच आहे हो." सभागृहही हसलं. गुरुजींनी वही ट्रंकेत टाकली ती टाकलीच. तेव्हापासून त्यांनी हिमालयाखाली काही लिहिलं नाही.

सतरावं लग्न भागाबाईच्या इंदूचं होतं.

भागाबाई केळीच्या मळ्यात मजुरी करी. काढणीच्या दिवसांत डोक्यावर पाट्या आणि एरवी निंदणी. नवरा हिलाल अकरा वर्षांपूर्वी सुरतेला गेला, तिथल्या गिरणीत लागला म्हणे, आणि मग त्याचं पत्रही आलं नाही. इंदू गुरुजींच्याच हाताखाली शिकली. चौथीला तालुक्यात तिसरी आली होती, पुढे दहावी झाली.

भागाबाई ओट्याखाली उभी राहून म्हणाली, "गुरुजी, माले समजी असं लिखा."

"म्हणजे कसं?"

"मी मांडवमा नसू ना. तुळशीजोडे पानी टाकत उभी ऱ्हासू. माले फक्त ऐकू ई."

गुरुजींना ही रीत ठाऊक नव्हती असं नाही. लेकीचं लग्न लागताना आईने ते बघायचं नाही. मांडवात अंतरपाट धरला की आईने परसात जायचं, तुळशीला पाणी घालायचं आणि कर्ण्यावरून येईल ते ऐकायचं. जन्म दिला, वाढवलं, आणि ऐन वेळी परसात! पण सोळा लग्नांत गुरुजींच्या एकदाही मनात आलं नव्हतं की भिंतीपलीकडे कुणी कान लावून उभं आहे.

"चाळीस लगनं ऐकात मी," भागाबाई म्हणाली, "एकबी शब्द समजना नही. इंदूनं तरी समजू द्या."

"लिहितो," गुरुजी म्हणाले. आणि संध्याकाळी, पाय सुजलेले, घसा बसलेला, डोळ्यांपुढे अजून चार लग्नं, अशा अवस्थेत त्यांनी साचा काढला. इंदूचा चुलता बन्सीलाल येऊन भावकीची नावं देऊन गेला होता, ती बसवली. तिसऱ्या ओळीत हात आपसूक चालला आणि हिलालचं नाव पडलं. चोपड्याच्या छापखान्यात गुलाबी कागदावर दोनशे प्रती निघाल्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी भागाबाई तो कागद घेऊन आली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर गुरुजींना बरं वाटलं असतं.

"इंदूनी वाची दाखाडं. बठ्ठं चांगलं शे, गुरुजी. गंगा शे, हिमालय शे, इंदूना बाप शे." तिने कागद त्यांच्यापुढे धरला. "मी कोठे शे?"

गुरुजी थकलेले होते. थकलेला माणूस काय बोलून जाईल याचा नेम नसतो. ते म्हणाले, "आता छापून झालं हो, बाई. पुढच्या वेळी बघू."

भागाबाईने कागदाची नीट घडी घातली.

"माले इंदू एकलीच शे, गुरुजी," ती म्हणाली आणि गेली.

गुरुजी ओट्यावर तसेच बसून राहिले. चहा समोर निवून गेला. स्वतःची इतकी लाज त्यांना जळगावच्या संमेलनातही वाटली नव्हती.

दिवस कलता कलता भागाबाई पुन्हा रस्त्याने दिसली. डोक्यावर काड्यांचा भारा. उद्या दारात मांडव, घरात पाहुणे, आणि ही बांधावरून सरपण वेचून आणत होती. रोजच आणत असे. रोज ह्याच वेळी, ह्याच ओट्यासमोरून. बारा वर्षं गुरुजींनी तिला पाहिलं होतं आणि एकदाही तिच्याकडे बघितलं नव्हतं. थोड्या वेळाने पलीकडच्या आळीत तिच्या घरातून धूर वर आला.

गुरुजींनी आपल्याजवळचा गुलाबी कागद उलटा केला आणि पेन्सिल घेतली. बोटं दुमडत मात्रा मोजल्या. एक ओळ बसली. ती इतकी साधी होती की त्यांनाच भीती वाटली. तरी त्यांनी पुढच्या तीन लिहिल्या.

दुसऱ्या दिवशी गोरज मुहूर्त होता. बन्सीलालने निरोप धाडला होता, त्यावरून हिलाल सकाळच्या गाडीने सुरतेहून उतरला. अंगात टेरिलिनचा नवा सदरा, मनगटावर घड्याळ. अकरा वर्षांचा हिशेब त्याला कुणी विचारला नाही. भावाने पाटावर बसवलं, कन्यादानही त्याच्याच हातून व्हायचं ठरलं. वरपक्षाला बाप दिसला, सगळे खूश झाले. भागाबाई चुलीपासून मांडवापर्यंत धावत होती.

अंतरपाट धरला गेला. बायकांनी खुणावलं तशी भागाबाईने तांब्या उचलला आणि ती घरामागे गेली. गुरुजींनी तिला जाताना पाहिलं. पायांत चप्पल नव्हती.

भटजींची मंगलाष्टकं झाली आणि माइक गुरुजींच्या हातात आला. त्यांनी खाकरून सुरुवात करायला आणि वीज जायला एकच गाठ पडली. पंखे थांबले, कर्णा मुका झाला. लोक म्हणाले, "चालू द्या गुरुजी, समोरच तर आहोत सगळे!"

समोर सगळे होते. जिच्यासाठी गायचं ती तेवढी नव्हती.

गुरुजींनी माइक खाली ठेवला. दोनशे लोकांच्या हातांत गुलाबी कागद होते, पहिल्या रांगेत बन्सीलाल तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून बसला होता. मग त्यांनी जे केलं ते त्या गावात कुणी कधी केलं नव्हतं. नवरा-नवरीकडे त्यांनी पाठ केली, घराच्या दिशेने तोंड केलं आणि बसलेल्या घशाने, होता नव्हता तेवढा जोर काढून ओरडल्यासारखं गायला लागले:

काड्या वेचुन आणल्या, उजळली अंधारली सांज ती,
लेकीला शिकवून आइ झिजली, पाट्या शिरी वाहुनी,
भागाबाइ, तुझ्या घरात फुलले हे रोप मोठे गुणी...

दुसऱ्या ओळीला आवाज फाटला. तिसरीला नुसती खरखर उरली. कागद वाचणारे गोंधळले, काहींनी तो उलटा करून पाहिला. मग हळूहळू कागद खाली गेले. मागच्या बाजूला बसलेल्या मजूर बायका एकमेकींना कोपराने ढोसू लागल्या, कारण आयुष्यात पहिल्यांदा मंगलाष्टकातला शब्द न् शब्द त्यांना कळत होता. अंतरपाटाआड इंदू मान खाली घालून रडत होती.

चौथी ओळ गुरुजींनी म्हटली, पण तोवर घड्याळाकडे डोळे लावून बसलेला बँडवाला सुटला. ताशे कडाडले, अक्षता उडाल्या, लग्न लागलं.

बन्सीलाल तावातावाने आला. "गुरुजी, आमना भाऊनं नाव कोठे गयं?"

गुरुजींनी त्याच्याच हातातला कागद दाखवला. "छापलंय ना. वाचत बसा." एवढं बोलायलाही त्यांना कष्ट पडले.

जेवणाची पंगत बसत होती. वरण-बट्टीचा वास सुटला होता. गुरुजींना घरी जाऊन आडवं व्हायचं होतं, दुसरं काही नको होतं. परवा अठरावं लग्न होतं. पण पाय परसाकडे वळले.

भागाबाई तुळशीपाशी उभी होती. तांब्या केव्हाच रिकामा झाला होता, तरी तिने तो तिरपा धरून ठेवला होता. वृंदावन भरून पाणी खाली वाहिलं होतं आणि तिची पावलं चिखलात होती.

"त्या काड्या मीच येचेल शेतस," ती म्हणाली. "तुमले कसं कळनं?"

गुरुजींनी आपल्या ओट्याच्या दिशेने बोट दाखवलं.

"बठ्ठं समजनं, गुरुजी. माले माझं नावबी ऐकू उनं." तिने पदराने तोंड पुसलं. "पन शेवटली ओळ बँडमा गयी. इंदूले काय म्हनात तुम्ही?"

मांडवात बँड जोरात होता. गुरुजी दोन पावलं पुढे गेले, चिखलात उभे राहिले आणि चाल नाही, सूर नाही, नुसत्या श्वासाने तिच्या कानाशी म्हणाले,

"जा लेकी, घर ते तुझेहि उजळो."

भागाबाईने डोळे मिटून ऐकलं.

"आजून एकदा म्हना," ती म्हणाली.