ओढ्यापलीकडची डुरकणी

वेंडेलकाकांनी मला रानावर राखणदार म्हणून नेमलं, तेव्हा आमच्या शिकारमंडळातल्या निम्म्या पुरुषांच्या पोटात दुखायला लागलं. "एतेल्का आता हरणांना लोकरीचे मोजे विणून घालणार," असं चोंगोर गुत्त्यात सगळ्यांदेखत म्हणाला. त्याला ती जागा हवी होती ना! मी म्हटलं, "मोजे तुलाच विणते. तू रानात चालतोस तेव्हा पलीकडच्या गावातली कुत्री भुंकतात." सगळे हसले. चोंगोर तेवढा हसला नाही.

ती जागा आधी माझ्या बाबांची होती. अंब्रुश म्हटलं की झेलित्सच्या टेकड्यांत कुणीही टोपी काढायचं. सप्टेंबरात बारशिंगे माजावर आले की रानभर डुरकतात, आणि त्यांच्यासारखी हुबेहूब डुरकणी काढून त्यांना झाडीबाहेर ओढायचं ही आमच्याकडची विद्या. कुणी बैलाचं शिंग तोंडाला लावतं, कुणी शंख. बाबा कंदिलाची जुनी काच लावायचे. त्यांनी डुरकणी काढली की खरे नर चिडून शिंगं परजत यायचे. मला ही विद्या त्यांनीच दिली. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली ती गेलीच. साधं 'आ' नाही की 'ऊ' नाही.

डॉक्टर म्हणाले होते, बोलत राहा त्यांच्याशी. मग काय, मी बोलतच राहिले. "बाबा, सूप देऊ? देतेच. मीठ कमी झालंय ना? माहीत होतं मला. हात द्या इकडे." रोज संध्याकाळी त्यांच्या लुळ्या हाताला मी कापराचं स्पिरिट चोळायची. त्याचा भपकारा सबंध घरात भरून राहायचा. ते माझ्याकडे बघत बसायचे, ओठ हलवायचे, आणि मी त्यांचं वाक्य आपणच पुरं करून मोकळी व्हायची. माणसाची किती काळजी घेते मी, असं मला वाटायचं.

तर ऑगस्टच्या अखेरीस वेंडेलकाका घरी आले. ते मंडळाचे शिकारप्रमुख. त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली, पालिंका दारूचा पेला नको म्हणाले, तेव्हाच मला शंका आली.

"एतुश, गेल्या वर्षी शिकारीला आलेल्या तुझ्या पाहुण्यांना एकही धड नर मिळाला नाही."

"गेल्या वर्षी दुष्काळ होता काका, नर सगळे खाली मक्यात होते."

"चोंगोरच्या पाहुण्याला मिळाला की! मंडळातले लोक मला खातायत. या माजात तुझ्या पाहुण्याला एक म्हातारा, भारी शिंगांचा नर मिळवून दे. नाहीतर नोव्हेंबरात, सगळ्या संतांच्या सणापासून जागा चोंगोरची."

"आणि घर?"

काका खिडकीबाहेर बघायला लागले. घर मंडळाचं, नोकरीबरोबर मिळणारं. बाबा याच घरात जन्मले होते. घर गेलं तर मला काही नाही, कापोश्वार शहरात मामेबहिणीकडे चौथ्या मजल्यावर एक खोली रिकामी आहे. पण बाबांना चौथ्या मजल्यावर नेऊन बसवायचं म्हणजे जितेपणी कपाटात ठेवण्यासारखंच. ते कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होते.

मी कंबर कसली. हरणांना चाटायला मिठाची ढेपळं नव्याने मांडली, मचाणाच्या पायऱ्या बदलल्या, ओढ्यापर्यंतच्या पायवाटेवरची सुकी पानं नि काटक्या झाडून काढल्या, म्हणजे पाऊल वाजायला नको. आणि सप्टेंबर लागून थोडे दिवस झाले असतील नसतील, एका पहाटे मी टेकडीवरून शिंग फुंकलं, आणि ओढ्यापलीकडच्या घळीतून उत्तर आलं.

अहाहा! काय सांगू! जाड, खोल, थकलेली डुरकणी. कोवळ्या नराची नव्हे, कित्येक पावसाळे पाहिलेल्या धन्याची. मी आव्हानाची हाक दिली, त्याने उत्तर दिलं. मी हुंकार दिला, त्याने तसाच हुंकार दिला. आणि असं रोज पहाटे सुरू झालं. वेंडेलकाकांना मुद्दाम घेऊन गेले. त्यांनी ऐकलं आणि दोन्ही हात डोक्याला लावले. "अगं, हा तर चौदा-पंधरा वर्षांचा असेल!" घळीत उतरून बघावं असं मनात यायचं, पण ते करायचं नसतं. म्हाताऱ्या नराच्या निजायच्या जागी माणसाचा पाय लागला की तो रातोरात टेकडी ओलांडून जातो, पुन्हा दिसत नाही. पाहुणा येईपर्यंत तिकडे फिरकायचंच नाही, असं मी ठरवलं.

सकाळची फेरी संपवून घरी आले की मी बूट काढता काढताच बाबांना सांगायची. "बाबा, आजही बोलला हो माझ्याशी! तुमच्या तोडीचा आहे!" बाबा एकदम उठायला बघायचे, डावा हात हवेत नाचवायचे, डोळ्यांतून पाणी काढायचे. मी म्हणायची, "कळतंय मला, तुम्हाला यायचंय. पण बसा आता. पाव घ्या." आमच्या शेजारच्या तेरकामावशी एकदा कुंपणावरून म्हणाल्या, "एतेल्का, तुझे बाबा हल्ली सकाळी फिरायला जातात बरं का, काठी टेकत." मी म्हटलं, चांगलंय, पायांना व्यायाम होतो.

पाहुणा आला तो तिहामेर नावाचा, बुडापेस्टचा दातांचा डॉक्टर. बंदूक कोरी, टोपी कोरी, आणि अंगाला असला सुगंध की ओढ्यापलीकडची मेलेली हरणंसुद्धा उठून पळतील. मी त्याला सरळ विहिरीवर नेलं. "डॉक्टरसाहेब, धुवा."

"थंड आहे हो पाणी!"

"बारशिंग्याला गरम पाण्याचं कौतुक नाही. मानेमागेही चोळा. आणि एक गोष्ट कोरून ठेवा. मी 'हाच' म्हणेपर्यंत चापाला बोट लावायचं नाही. कितीही दिसलं तरी. कळलं?"

"तुमचे यजमान कसे राहिले असतील तुमच्यापुढे?" तो कुडकुडत म्हणाला.

"नाहीच राहिले," मी म्हटलं. मग तो मानेमागे चोळायला लागला.

दुसऱ्या दिवशी फटफटताना आम्ही ओढ्याशी पोचलो. धुकं कमरेएवढं. वारा घळीकडून सरळ आमच्या तोंडावर येत होता, म्हणजे देवाकडे मागितला असता तरी याहून चांगला मिळाला नसता. आज पहिल्यांदाच मी ओढा ओलांडणार होते. डॉक्टरला माझ्या पावलावर पाऊल ठेवायला लावलं. हॉर्नबीमच्या दाट झाडीशी येऊन मी गुडघ्यावर बसले आणि शिंग तोंडाला लावलं.

फुंकलं. थांबले. डुरकणी काढण्याची खरी विद्या फुंकण्यात नाही, थांबण्यात आहे. आपण हाक दिली की श्वास धरून गप्प राहायचं, समोरच्याला वेळ द्यायचा. घाई केली की तो ओळखतो, हा खोटा आहे.

उत्तर आलं. अगदी जवळून. पन्नास पावलंही नसतील. मी पुन्हा आव्हान दिलं. झाडीत काटकी मोडली. धुक्यात काहीतरी तपकिरी हललं, थांबलं, पुन्हा हललं. वर दोन काळी टोकं, फांदी की शिंग ते कळेना.

"दिसतोय," डॉक्टर कुजबुजला. "दिसतोय, दिसतोय."

बंदुकीची नळी स्थिरावली. दुर्बीण माझ्या डोळ्याला होती आणि तिच्यात धुकं नि तपकिरी पाठ. मला माझं घर दिसत होतं, खोटं कशाला सांगू. बाबांची खुर्ची दिसत होती, चोंगोरचं पडलेलं तोंड दिसत होतं. 'हाच' हा शब्द अगदी जिभेच्या टोकावर आला होता.

आणि मी श्वास घेतला. माजावरचा नर इतक्या जवळ, वारा तोंडावर, म्हणजे त्याचा उग्र दर्प नाकात भपकन शिरायला हवा. बोकडाहून वाईट वास येतो त्याला. तो आलाच नाही. कापराचा आला.

काय केलं ते मला नीट आठवत नाही. हात आपोआप गेला. नळी वर उडाली, त्याच क्षणी बार झाला, आणि हॉर्नबीमची पानं आमच्या डोक्यावर पडली. डॉक्टर किंचाळला. मी शिंग, दुर्बीण, सगळं टाकून झाडीत घुसले.

बाबा उभे होते. अंगात जुना तपकिरी कोट, डाव्या काखेत काठी, डाव्या हातात कंदिलाची काच. डोक्यामागे ओकची वाळकी फांदी. आवाजाने दचकून ते झाडाला टेकले होते. मला बघितलं आणि त्यांचं वाकडं तोंड हसलं.

देवा रे! मी खाली चिखलात बसले आणि ओरडायला लागले. काय ओरडले? "मरायचं होतं का तुम्हाला? माझ्या हातून मरायचं होतं?" असलंच काहीतरी. इतके दिवस पहाटे मी ज्याच्याशी बोलत होते तो माझा बाप होता. सबंध घरात एक शब्द न निघणाऱ्या तोंडातून रानात आवाज निघत होता, आणि तो मला उत्तर देत होता. आणि मी शहरातून माणूस बोलावून, त्याला अंघोळ घालून, त्या आवाजावर बंदूक रोखायला घेऊन आले होते.

मागून डॉक्टर आला. बाबांना बघून तो पांढराफटक पडला. खोटं बोलण्याची बुद्धी त्याला माझ्या आधी सुचली. "बाई, ऐका. माणसावर नेम धरला हे कळलं तर माझा परवाना जाईल. तुमचीही नोकरी जाईल. आपण म्हणू, नर होता, माझा नेम चुकला. नेम कुणाचाही चुकतो. तुमचा नर जिवंतच राहिला, तुम्हाला महिनाभराची मुदत मिळाली. कुणाचं काय बिघडलं?"

खरं सांगते, मला ते पटलं. अगदी पटलं. घर वाचत होतं.

तेवढ्यात ओढ्यावर जीप थांबली. बार ऐकून वेंडेलकाका आणि चोंगोर आले होते. आमच्याकडे नर पडला की ओकची डहाळी मोडायची, एक तुकडा शिकाऱ्याच्या टोपीत खोचायचा, आणि एक मेलेल्या जनावराच्या तोंडात ठेवायचा, शेवटचा घास म्हणून. काका येतानाच दोन डहाळ्या मोडून घेऊन आले होते. चेहरा नुसता फुलला होता त्यांचा.

"कुठे पडलाय? अंब्रुश, तूही आलास का बघायला? वा!"

"चुकला," डॉक्टर घाईघाईने म्हणाला. "नर पळाला. थोडक्यात वाचला."

"अरेरे! पण आहे ना अजून घळीत? मग उद्या मी चार मचाणं लावतो. चोंगोर, तूही ये. अशी डुरकणी पुन्हा ऐकायला मिळायची नाही."

चार मचाणं. चार बंदुका. तपकिरी काही हललं की बार. मी बाबांकडे बघितलं. ते काच छातीशी धरून उभे होते, पुन्हा यायला तयार. बोलण्यासाठी त्यांना दुसरी जागाच नव्हती.

"काका, नर नाहीये," मी म्हटलं. "इथे कधीच नव्हता. बाबा होते. आम्ही बाबांवर बंदूक रोखली."

चोंगोरच्या तोंडावर मला हसू बघायचं होतं, म्हणजे निदान भांडता आलं असतं. पण तोही टोपी काढून नुसता उभा राहिला. मग बाबा काठी टेकत पुढे गेले, काकांच्या हातातली एक डहाळी काढून घेतली, आणि स्वतःच्या दातांत धरली. शेवटचा घास. आणि खांदे हलवत हसायला लागले. त्यांचं ते हसणं बघून काकांना रडू फुटलं.

"इतके दिवस त्याच्याशी बोलत होतीस," काका शेवटी म्हणाले, "आणि तुला बापाचा आवाज ओळखता आला नाही, एतुश?"

छातीवरचा मंडळाचा बिल्ला मी स्वतःच काढून त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी घेतला. घ्यायलाच हवा होता, निशाणा न ओळखता बंदूक रोखू देणारा राखणदार कुठलं मंडळ ठेवेल? सणापर्यंत घरात राहा, एवढं ते म्हणाले.

घरी येऊन मी शहाजिऱ्याचं सूप गरम केलं. अर्धं सांडलं. बाबा खुर्चीत बसले. मी समोर बसले आणि म्हटलं, "बाबा, घर गेलं आपलं. मी गप्प बसले असते तर राहिलं असतं. मी बरोबर केलं का?"

आणि तोंड मिटून घेतलं. 'बरोबरच केलं, माहीत आहे मला' हे वाक्य माझ्या घशापर्यंत आलं होतं, ते गिळलं. टेकडीवर थांबायची तशी थांबले. सूप निवलं. बाहेर तेरकामावशींची बदकं ओरडून गप्प झाली. बाबांचे ओठ हलले, बंद झाले, पुन्हा हलले. कपाळावर घाम आला त्यांच्या. मी थांबले.

"गा," बाबा म्हणाले. मी श्वास धरला. "गाढव."

दोन वर्षांनी माझा बाप माझ्याशी बोलला होता.