गुलाबाचा मुरांबा आणि साखरेच्या चार वड्या

मित्रांनो, डोळे मिटा आणि जिभेवर चमचाभर गुलाबाचा मुरांबा आहे असे समजा. गोड लागला? मग सांगा, तुमच्या पोटात साखर गेली का? घाईने "हो" म्हणू नका. पन्नास वर्षे मीही तसेच समजत होतो.

मी एक जुना चांदीचा चमचा आहे. सर्बियातल्या उझित्से गावी एका सोनाराने मला घडवले आणि रादोय्का आजींच्या लग्नात मी या घरी आलो. आमच्याकडे पाहुणा आला की आधी चमचाभर मुरांबा, मग पेलाभर पाणी, आणि बोलणे त्यानंतर. माझे केवढे कौतुक होई! पुढे आजींना मधुमेह झाला, इन्सुलिन सुरू झाले. त्यांची सून ल्युबित्सा हिने घरातली सगळी साखर काढून टाकली. दोन वर्षे मी खणात काळा पडत राहिलो.

"पाहुण्याला नुसतं पाणी? मग त्याला विहिरीवरच पाठव की," आजी कुरकुरल्या. तेव्हा सुनेने बिनसाखरेच्या गोड गोळ्या घालून पाकळ्यांचा मुरांबा केला आणि मला घासूनपुसून बाहेर काढले.

शेजारचे झिवादिन आजोबा मात्र कॉफीला येताना खिशात साखरेच्या वड्या घेऊन येत. तुमच्या गोळ्यांची कॉफी म्हणजे काढा, असे ते म्हणत.

"साखरेच्या वड्या घोडा खातो," आजी म्हणत. "जरा खिंकाळून दाखव."

एका सप्टेंबरात आजी अंगणात लाल ढोबळ्या मिरच्या भाजत होत्या. जेवणाआधीचे इन्सुलिन त्यांनी टोचून घेतले, आणि मिरच्यांच्या नादात जेवायचे राहून गेले. ल्युबित्सा बाजारात गेली होती. एकाएकी आजींचे हात थरथरू लागले, कपाळ घामाने भिजले. त्यांची नऊ वर्षांची नात दुन्या हिने साखर मोजायच्या यंत्रावर त्यांच्या रक्ताचा थेंब घेतला. ३.१. आमच्याकडच्या मापात आकडा चारच्या खाली गेला, म्हणजे साखर फार उतरली. अशा वेळी लगेच गोड द्यायचे, हे तिला शिकवलेले होते. तिने मला मुरांब्याने भरून आजींच्या तोंडात घातले. एकदा, दोनदा, तीनदा. मी निश्चिंत होतो. गोड मीच तर पोहोचवले होते!

पाव तासाने आकडा आला. २.७.

मला धक्काच बसला. मी काय भरवले होते? आजी आता नातीला भलत्याच नावाने हाक मारत होत्या. झिवादिन आजोबा धावत आले.

"अजून एक चमचा दे, पोरी. चांगला भरून दे."

दुन्याने मला बरणीकडे नेले आणि मध्येच मागे घेतले. मग म्हणाली, "आजोबा, हे नुसतं जिभेला गोड आहे. यात साखरच नाही. तुमचा खिसा दाखवा."

खिशात चार वड्या निघाल्या. तिने त्या पेलाभर पाण्यात टाकल्या आणि मला घालून ढवळल्या. मी इतका गरगर कधी फिरलो नव्हतो. आजींनी घोट घोट पाणी घेतले. पाव तासाने आकडा ४.४ झाला. आजींनी डोळे पुसले आणि दुन्याला तिच्याच नावाने हाक मारून पाव मागितला.

मित्रांनो, त्या गोळ्या वाईट नव्हेत. रक्तातली साखर चढू न देणे हेच त्यांचे काम, आणि ते त्यांनी चोख केले. म्हणून ज्यांची काळजी घ्यायची, त्यांच्या घरातले गोड कशाने गोड आहे, हे आधीच विचारून ठेवा.

संध्याकाळी ल्युबित्सा बरणी फेकायला निघाली. दुन्याने ती तिच्या हातून घेतली आणि तिच्यावर चिठ्ठी चिकटवली: 'पाहुण्यांसाठी. आजी थरथरली तर हे नाही.' मग कुंपणापलीकडून आणखी चार वड्या मागून आणल्या आणि खणात माझ्या शेजारी ठेवल्या.