तांब्याच्या तारेची बंदूक

माझा नवरा रूफस हॉलेनबाख ठासणीच्या बंदुका जमवतो. त्याही चकमकीच्या. चाप ओढला की घोड्याच्या जबड्यातली गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगी रंजकावर, म्हणजे नळीच्या छिद्राशी ठेवलेल्या चिमूटभर दारूवर पडते आणि मग बार उडतो. आमच्या पेनसिल्व्हेनियाच्या या खोऱ्यात असले वेडे पुष्कळ आहेत, पण रूफसने माझी शिवणाची खोलीसुद्धा गिळली. भिंतीवर लांब नळ्या, खुंट्यांना दारू ठेवायची बैलाची शिंगं, खोक्यांत गारगोट्या आणि गोळ्या ओतायचे साचे. काही खऱ्या जुन्या, काही जुन्यासारख्या नव्याने घडवलेल्या.

"यातल्या दोन-चार कुणाला दिल्यास तर मला पाय पसरायला जागा होईल," मी म्हणायची.

"तुझे पाय लांबच आहेत, इर्मा. लग्नाआधीच आवडले होते मला."

आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

जी खरी हवी होती, ती मात्र त्याच्याकडे नव्हती. त्याच्या आजोबांची बंदूक. मॅपलच्या लाकडाची, दस्त्यातल्या पितळी झाकणावर कोंबडा कोरलेला. दस्त्याच्या मानेला तडा गेला होता, तो आजोबांनी तांब्याच्या तारेने आवळून बांधला होता. रूफस लहान असताना एका वाईट हिवाळ्यात त्याच्या वडिलांनी ती देऊन दुभती गाय आणली.

"आम्ही भावंडं त्या बंदुकीवरच वाढलो," रूफस सांगायचा. "सकाळ-संध्याकाळ पेला पेला प्यायचो."

लोक हसायचे, तोही हसायचा. पण कुठल्याही मेळ्यात, कुठल्याही लिलावात त्याची नजर आधी दस्त्याकडे जायची. बंदूक काही सापडली नाही. शेवटी त्याने ती आठवणीतून स्वतःच घडवायला घेतली. सगळा हिवाळा तासकाम चाललं होतं. घरभर मॅपलचा भुसा, जेवणात मॅपलचा भुसा. आरवणारा कोंबडा कोरला, तारही बांधली.

वसंतातल्या मेळ्यात त्याने ती टेबलावर मांडली. दुपारी एक ठेंगणी बाई समोर येऊन थबकली. थेल्मा युंट तिचं नाव. पलीकडच्या डोंगराआड राहणारी.

"हिला तार कशी? तार तर आमच्या एल्वुडच्या बंदुकीला आहे," ती म्हणाली.

रूफसच्या हातातला कॉफीचा कप तसाच राहिला. "कोंबडा आहे?"

"आहे की. ती घेऊन जाणारा कुणी भेटतो का, तेच बघायला आलेय मी. नवरा विसरत चाललाय हो. माझं नाव विसरतो, पण बंदूक भरायची विसरत नाही. दारू लपवून ठेवते, तरी जीव धाकधूक करतो."

त्याच संध्याकाळी मेळ्यातूनच आम्ही तिच्याकडे गेलो. एल्वुड चुलीजवळ खुर्चीत बसला होता. मांडीवर बंदूक, हातात तेलाचं फडकं. रूफस टोपी काढून उभाच राहिला, चर्चमध्ये राहतो तसा. थेल्माने गोडीगुलाबीने बंदूक घेऊन रूफसच्या हातात दिली.

"किती हलकी आहे गं," तो मला म्हणाला. "मला उचलवायची नाही तेव्हा." मग त्याने झाकण बघितलं. तिथला कोंबडा आरवत नव्हता, मान खाली घालून दाणे टिपत होता. "आणि मी बिचाऱ्याला हिवाळाभर आरवायला लावलं!"

हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

थेल्मानेच तोड काढली. रूफसने घडवलेली तिथे ठेवायची, आजोबांची घेऊन जायची. रूफसने आपल्या बंदुकीचं रंजकाकडचं छिद्र बुजवून टाकलं, म्हणजे भरली तरी बार उडायचा नाही. एल्वुडला डुलकी लागली होती. आम्ही निघालो. वाटभर रूफस एका हाताने गाडी चालवत होता, दुसरा हात त्या तारेवर होता.

घरात शिरतो तोच फोन वाजला.

"तो सगळीकडे शोधतोय," थेल्मा रडत होती. "कोठारात जाऊन आला, कोंबड्यांच्या खुराड्यात बघितलं. तुमची हातात दिली की तारेवर अंगठा फिरवतो आणि म्हणतो, ही माझी नाही."

"उद्या जाऊ," मी रूफसला म्हटलं. "सूप गरम करते, दोन घास खाऊन घे."

"इर्मा, ते शोधणं काय असतं ते मला माहीत आहे."

मग मीही कोट परत चढवला. त्याने लाकडाच्या ढलपीची गारगोटीएवढी चकती कोरली आणि खऱ्या गारगोटीच्या जागी बसवली. नळीच्या बुडाच्या छिद्रात पिसाचं देठ घट्ट ठोकलं. आता ठिणगीही नाही आणि बारही नाही. आम्ही पुन्हा डोंगर ओलांडला.

एल्वुड अंगणात उभा होता. बंदूक हातात घेतली, अंगठा तारेवर फिरवला आणि म्हणाला, "किती उशीर केलास यायला!"

ते बंदुकीला की रूफसला, कोण जाणे.

त्यानंतर दर शनिवारी रूफस तिकडे जायला लागला. मीही जायची, थेल्माकडून काकवीचा केक शिकायला. दोघे म्हातारे व्हरांड्यात बसायचे. एल्वुड कुरणाकडे नेम धरायचा, चाप ओढायचा. ठक्.

"चुकली," तो म्हणायचा.

"वाऱ्याने रे. हरीण मोठं होतं पण."

"तुला काय दिसतंय? आंधळा आहेस तू!"

दर शनिवारी तेच बोलणं, आणि दर शनिवारी दोघेही पोट धरून हसायचे.

पुढच्या वर्षी पानं गळायला लागली तेव्हा एल्वुड गेला. दफन झाल्यावर थेल्माने बंदूक आणून रूफसच्या हातात दिली. त्याने लाकडाची चकती काढली, पिसाचं देठ उपसलं, गोळी न घालता नुसती दारू भरली आणि कुरणावर एक बार उडवला. पांढरा धूर बराच वेळ गवतावर रेंगाळत होता.

"वारा नव्हता आज," एवढंच तो बोलला.

घरी येऊन त्याने गरम पाण्याने नळी धुतली, पुसली, तेल लावलं. भिंतीवर जागा होती, तरी टांगली नाही. अजूनही ती आमच्या स्वयंपाकघरात दाराशी उभी असते. शनिवारी जेवण झालं की रूफस टोपी घालतो, ओसरीवर जातो आणि क्षणभर कुठे निघालो होतो ते आठवत असल्यासारखा उभा राहतो.

"चल," मी म्हणते, "थेल्मा वाट बघत असेल."